चाळीस मिनिटांत किती शब्द?

(आपल्या मंचाच्या मार्चमधील सभेत केलेलं भाषण. त्या दिवशी बर्फामुळे येऊ न शकलेल्यांनी मागितलं म्हणून लिहून काढलं आहे. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)



आपल्या सभांमध्ये आजवर जातिप्रश्न, धर्मचिकित्सा, शेतकऱ्यांचं कर्ज, हवामानबदल अशा भारदस्त विषयांवर भाषणं झाली. आज मी बोलणार आहे, वेळ लावून घेतल्या जाणाऱ्या इंग्रजी परीक्षेत निबंध किती लांब असावा यावर. विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, "अगं, बरी आहेस ना?" बरी आहे. पण गेले दोन-तीन महिने या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावरून आमच्या घरात जे रामायण झालं, त्यातून मला माझ्याच काही समजुती तपासाव्या लागल्या. ते तुमच्यापुढे ठेवावं असं वाटलं.

माझी मुलगी अकरावीत आहे. ए.पी. इंग्लिश लँग्वेज हा विषय तिने घेतलाय. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगते. या परीक्षेत सव्वादोन तासांत तीन निबंध लिहायचे असतात. त्यातली पंधरा मिनिटं वाचनासाठी, म्हणजे प्रत्येक निबंधाला चाळीस मिनिटं उरतात. एकूण गुणांपैकी ५५ टक्के या तीन निबंधांवर, बाकीचे बहुपर्यायी प्रश्नांवर. जानेवारीत शाळेत सराव परीक्षा होती. आदल्या रात्री तिने मला विचारलं, "आई, केवढा लिहू?" मी तेव्हा एका शोधनिबंधाचा गोषवारा कापत बसले होते. २८७ शब्द झाले होते आणि नियतकालिकाची मर्यादा २५० ची होती. त्याच तंद्रीत मी तिला सांगितलं, "सांगायचं आहे ते सांग आणि थांब. चांगलं लिहिणारा माणूस कमी लिहितो. एक पान पुष्कळ झालं."

तिने माझं ऐकलं. (तुम्हाला माहीतच आहे, या वयात ही घटना किती दुर्मिळ!) चाळीस मिनिटांपैकी बावीस मिनिटांत २३० शब्द लिहून ती हात बांधून बसली. सहापैकी तीन गुण मिळाले. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने जवळजवळ दुप्पट लिहिलं होतं, तिला पाच. पेपर माझ्यासमोर टेबलावर ठेवून मुलगी म्हणाली, "तुझं ऐकलं." बस, एवढंच. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

आता माझी पहिली प्रतिक्रिया कबूल करते. मला मनातून बरं वाटलं! म्हणजे मुलीचे गुण गेल्याचं नाही, पण माझी जुनी खात्री पक्की झाल्याचं. बघा, इथेही तेच, वितीने मोजून मार्क देतात. आपण सगळे त्या वातावरणातूनच आलोय ना? परीक्षेहून बाहेर आल्यावर पहिला प्रश्न काय असायचा? "किती पुरवण्या लावल्यास?" कुणी म्हणायचा पाच, कुणी सात. आणि ज्याने एकही लावली नाही तो दोरा हातात घेऊन गप्प उभा. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं. आमच्या शाळेत एक सर होते, ते उत्तरपत्रिकेवर खरोखर हात पसरून मोजतात अशी वदंता होती. त्यामुळे अक्षर मोठं काढायचं, समास रुंद सोडायचा, आणि प्रत्येक निबंधाची सुरुवात "आजच्या धकाधकीच्या विज्ञानयुगात" अशी करायची हे आम्ही सातवीतच शिकलो होतो. पुढे संशोधनात आल्यावर हे सगळं धुऊन काढायला मला पाच वर्षं लागली. थोडक्यात लिहिणं ही मला माझी कमाई वाटत होती. ती मी मुलीला वारसा म्हणून देत होते आणि तो वारसा सहापैकी तीन गुणांचा निघाला.

तेव्हा ठरवलं, चिडण्याआधी पुरावा बघावा. तसा पुरावा माझ्या बाजूने भरपूर आहे. २००५ च्या मार्चमध्ये सॅट परीक्षेत पंचवीस मिनिटांचा निबंध आला, ते आपल्यापैकी ज्यांची मुलं आता तिशीत आहेत त्यांना आठवत असेल. दोन परीक्षक प्रत्येकी एक ते सहा गुण देत. एम.आय.टी. मध्ये लेखन शिकवणारे लेस पेरेलमन यांनी परीक्षा मंडळाने नमुन्यादाखल प्रसिद्ध केलेले गुणांकित निबंध घेतले आणि नुसते शब्द मोजले. साधारण शंभर शब्दांच्या निबंधाला एक गुण, चारशेच्या आसपास असलेल्याला सहा, आणि मधले सगळे जवळपास ओळीने चढत गेलेले. न वाचता केवळ लांबीवरून गुण सांगितले तरी दहापैकी नऊ वेळा बरोबर येतील असा त्यांचा निष्कर्ष होता. न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्या वर्षी मे महिन्यात हे छापून आलं आणि बराच गहजब झाला. त्यात आणखी एक गंमत होती. तथ्याच्या चुकांना गुण कापायचे नाहीत असा परीक्षकांना नियम होता. त्यामुळे अमेरिकन यादवी युद्धाची पहिली गोळी १८६२ मध्ये झाडणाऱ्या निबंधालाही पुरे सहा गुण मिळाले होते. फोर्ट समटरवरचा मारा १८६१ च्या एप्रिलमधला, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं.

पेरेलमन एवढ्यावर थांबले नाहीत. २०१४ मध्ये त्यांनी काही विद्यार्थ्यांना हाताशी धरून 'बेबल' नावाचा एक प्रोग्रॅम तयार केला. त्याला दोन-तीन शब्द द्यायचे, की तो लांबलचक, जड शब्दांनी भरलेला आणि संपूर्ण निरर्थक निबंध काढून देई. निबंध तपासणारी संगणकीय यंत्रं त्याला उत्तम गुण देत. सॅटचा तो निबंध २०१६ मध्ये बदलला, पन्नास मिनिटांचा आणि ऐच्छिक झाला, आणि २०२१ मध्ये बहुतेकांसाठी बंदच झाला.

झालं तर मग! मी विजयी मुद्रेने हे सगळं मुलीला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला हे माहीत होतं, तरी मला एक पान लिहायला सांगितलंस?"

इथे माझी बोलती बंद झाली.

पण वैज्ञानिक म्हणून एक गोष्ट मला खुपत राहिली. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असा आलेख आणून दाखवला असता, तर मी त्याला तीन प्रश्न विचारले असते. ते मी स्वतःलाच विचारले नव्हते. पहिला, नमुना कसा निवडला? प्रसिद्ध केलेले निबंध हे उदाहरण म्हणून निवडलेले, म्हणजे एक गुणाचा ठळकपणे एक गुणाचा दिसावा आणि सहाचा सहाचा. मधली संदिग्ध गर्दी त्यात नसणार. त्यामुळे संबंध प्रत्यक्षापेक्षा जास्त घट्ट दिसेल. दुसरा, लांबीमुळे गुण मिळाले, की ज्यामुळे गुण मिळाले त्यामुळेच लांबीही आली? ज्या मुलाला म्हणायला काही आहे, इंग्रजी वाक्य ज्याच्या हाताखाली सहज येतं, त्याचे पंचवीस मिनिटांत जास्त शब्द होणारच. आणि तिसरा, ज्या परीक्षेबद्दल आपण बोलतोय ती हीच का? ए.पी. चा निबंध वेगळा आहे. शिवाय २०१९-२० च्या शैक्षणिक वर्षापासून त्यांनी जुनी नऊ गुणांची, एकंदर ठसा पाहून गुण देण्याची पद्धत सोडली आणि सहा गुणांची विभागणी छापून दिली. ठाम विधानाला एक गुण. पुरावा आणि त्याचं विवेचन यांना मिळून चार. आणि विचारातल्या परिपक्वतेला एक. त्यात लांबीचा उल्लेखही नाही.

मी मुलीचा पेपर मागून घेतला आणि त्या तक्त्याशी ताडून वाचला. तिला विधानाचा एक मिळाला होता, पुरावा-विवेचनाचे चारपैकी दोन. म्हणजे मोठी गळती जी होती ती एकाच ठिकाणी होती.

आता हे नीट सांगते, कारण माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. त्या पेपरमधला प्रश्न मी इथे सांगत नाही, नंतर घरी आम्ही केलेला एक सराव सांगते. विषय घेतला होता, सार्वजनिक वाचनालयांवर करदात्यांचा पैसा खर्च करावा का. मुलीने "करावा" अशी बाजू घेतली आणि पुरावा दिला अँड्र्यू कार्नेगीचा. त्याने अमेरिकेत सुमारे १,७०० वाचनालयं बांधायला पैसे दिले, यावरून वाचनालयांचं महत्त्व दिसतं. दोन वाक्यं, पूर्णविराम. माझ्या दृष्टीने उत्तम! तथ्य दिलं, निष्कर्ष दिला, संपलं.

पण दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की हा पुरावा तिच्या विरुद्धच जातो. प्रश्न होता करदात्यांच्या पैशाचा. एका धनाढ्याने स्वतःच्या खिशातून वाचनालयं बांधली, तर मग करदात्याने कशाला द्यावेत? हे तिच्यासमोर ठेवल्यावर तिने शोधलं, आणि निघालं असं की कार्नेगीची अट होती. गावाने जागा द्यायची, आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दर वर्षी वाचनालय चालवायला सरकारी तिजोरीतून घालायची. म्हणजे त्या काळच्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एकालाही वाटत होतं की इमारत दानातून उभी राहील, पण वाचनालय चालतं ते करातूनच. आता हे लिहिल्यावर तिचा परिच्छेद पस्तीस शब्दांवरून एकशे वीसवर गेला. त्यातला एक शब्द काढून दाखवा! मी प्रयत्न केला, पाचसहा निघाले फक्त.

हे पाणी घालणं नव्हे. आणि हे मला कळत नव्हतं, कारण मी गोषवाऱ्याच्या जगात राहते. माझा २५० शब्दांचा गोषवारा चालतो, कारण त्याच्यामागे बारा पानं, सहा आकृत्या आणि चाळीस संदर्भ उभे असतात. वाचणारा माझ्याच क्षेत्रातला असतो. "म्हणून" हा एक शब्द लिहिला तरी मधल्या पायऱ्या तो स्वतः चढतो. परीक्षेतल्या निबंधामागे काहीच उभं नसतं. जे आहे ते त्या कागदावर. मी मुलीला शिकवला तो संक्षेप म्हणजे मधल्या पायऱ्या गाळण्याचा संक्षेप होता, आणि परीक्षकाला पायऱ्याच तपासायच्या होत्या.

मग एका रविवारी आम्ही दोघी स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून समोरासमोर बसलो. तिला एक विषय, मला दुसरा. नवऱ्याला पहाऱ्याला बसवलं. सांगायला लाज वाटते, पण मला विषय समजून घेऊन काय म्हणायचं ते ठरवायला नऊ मिनिटं लागली. त्यानंतर पंचवीस मिनिटांत माझे ३८० शब्द झाले. उरलेल्या सहा मिनिटांत वाचून चार चुका दुरुस्त केल्या. तिने सहा मिनिटांत आराखडा केला, तीस मिनिटं लिहिलं, ४४० शब्द. चारच मिनिटं तपासायला ठेवली. आम्ही आणखी तीन रविवार हे केलं. माझा आकडा साडेतीनशे ते चारशेच्या मध्येच राहिला. तिचा चारशे ते साडेचारशे. एकदा तिने हट्टाने ५८० शब्द लिहिले. तो निबंध तिनेच परत वाचून बाजूला सारला, कारण तिसऱ्या परिच्छेदापासून ती पहिलंच परत सांगत होती आणि शेवटचं वाक्य अर्धवट होतं.

तर माझं उत्तर. चाळीस मिनिटांचा, टंकलेखन करून लिहायचा, युक्तिवादाचा निबंध असेल तर चारशे शब्दांच्या आसपास. पाच-सात मिनिटं विचार, पंचवीस ते तीस मिनिटं लेखन, आणि शेवटची चार-पाच मिनिटं कोणत्याही परिस्थितीत वाचनासाठी. दोन मुद्दे, फार तर तीन. प्रत्येक मुद्द्याला सव्वाशेच्या आसपास शब्द, कारण पुरावा सांगायला दोन वाक्यं लागतात आणि तो का लागू होतो हे सांगायला चार. सुरुवात आणि शेवट मिळून ऐंशी-नव्वद शब्द. जीआरईच्या तीस मिनिटांच्या निबंधाला याच हिशेबाने तीनशे-साडेतीनशे. (ज्यांनी दोन निबंधांची जीआरई दिली त्यांना सांगते, सप्टेंबर २०२३ पासून तिथे एकच निबंध राहिलाय.) वरचा आकडा हे लक्ष्य समजू नका. नीट पायऱ्या चढत लिहिलं तर माणूस साधारण तिथे पोचतो, इतकंच.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट सांगते.

मिरजेला माझ्या आतेबहिणीची मुलगी नर्स आहे. हुशार, आठ वर्षांचा अनुभव, अतिदक्षता विभागात काम केलेलं. तिला इंग्लंडला जायचंय. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषण यांत सात आणि लेखनात साडेसहा लागतात. आधी लेखनालाही सातच लागायचे, २०१८ च्या डिसेंबरात ते अर्ध्याने खाली आणले. हिला बाकी सगळ्यांत सातच्या वर, आणि लेखनात २०२४ मध्ये दोनदा सहा. दर खेपेला पंधरा हजारांहून जास्त फी, शिवाय पुण्याला जाणं-येणं, सुट्टी. तिसऱ्यांदाही सहा आले तेव्हा तिचा मला फोन आला. "मावशी, माझं इंग्रजी वाईट आहे का गं?" दवाखान्यात इंग्रजीत नोंदी ठेवणारी, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणारी मुलगी. आवाज रडवेला.

मी म्हटलं, घरी घड्याळ लावून एक पेपर लिही आणि फोटो पाठव. आले फोटो. या परीक्षेत एका तासात दोन लेखनकामं असतात. पहिलं आलेखाचं वर्णन, किमान १५० शब्द, सुचवलेला वेळ वीस मिनिटं. दुसरा निबंध, किमान २५० शब्द, चाळीस मिनिटं. निबंधाचं वजन पहिल्याच्या दुप्पट. हिने निबंध लिहिला होता ४३० शब्दांचा! शिकवणीच्या वर्गात तिला सांगितलं होतं, "अडीचशे म्हणजे किमान, जास्त लिहाल तितकं चांगलं." कोणता वर्ग ते सांगत नाही, पण त्यांच्या पाटीवर विमानाचं चित्र आहे. निबंधाला पन्नास मिनिटं गेली. आलेखाच्या वर्णनासाठी दहाच उरली, ते ११० शब्दांवर अडकलं. आणि त्या ४३० शब्दांत मी मोजल्या, चौतीस चुका. उपपदं गाळलेली, कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी. यातल्या निम्म्या तिने फोनवर स्वतःच मला सांगितल्या, म्हणजे त्या तिला येत होत्या. परत वाचायला वेळच नव्हता.

आयईएलटीएसमध्ये गुण चार गोष्टींवर समान वाटलेले असतात. विषयाला उत्तर दिलं का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाची विविधता व अचूकता. लांबीला वरून मर्यादा नाही, आणि खालची ओलांडल्यावर नुसत्या जास्त शब्दांना गुणही नाहीत. मग जादा दीडशे शब्द म्हणजे काय? चुका करायच्या आणखी दीडशे संधी, त्याही तपासायच्या वेळेच्या बदल्यात विकत घेतलेल्या. मी तिला सांगितलं, निबंध २७० ते २९० वर थांबव आणि शेवटची पाच मिनिटं फक्त "ए, ॲन, द" शोध. आम्ही सहा आठवडे दर रविवारी हे केलं. चौथ्या खेपेला साडेसहा आले. अर्थात एक रुग्ण बरा झाला म्हणून औषध सिद्ध होत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. चार वेळा दिल्यावर सरावानेही आले असतील. पण तिचा तो ४३० शब्दांचा कागद मी जपून ठेवलाय.

या दोन मुलींच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की काय दिसतं? एकीला लांबी वाढवल्याने फायदा झाला, दुसरीला कमी केल्याने. दोघींचंही नुकसान एकाच गोष्टीमुळे झालं. अपेक्षित लांबी काय हे त्यांना अधिकृतपणे कुणी सांगितलं नव्हतं, आणि अनधिकृतपणे जे सांगितलं ते चूक होतं. एकीला वर्गाने, दुसरीला मी.

आपण पुरोगामी म्हणवतो तर इथे थोडं थांबायला हवं असं मला वाटतं. इथल्या विद्यापीठाच्या प्रवेशअर्जाचा निबंध घ्या. कॉमन अ‍ॅप्लिकेशनवर स्पष्ट लिहिलेलं असतं, किमान २५०, कमाल ६५० शब्द. गरीब-श्रीमंत सगळ्यांना तोच आकडा दिसतो. याउलट वेळ लावलेल्या परीक्षांत एक तर काहीच सांगत नाहीत, किंवा फक्त किमान सांगतात. मग खरा आकडा कुणाला कळतो? ज्यांच्या घरी आधी कुणी ही परीक्षा दिलीय त्यांना, ज्यांना तासाला शंभर-दीडशे डॉलर्सचा शिकवणीवाला परवडतो त्यांना. आपल्या मुलांना तो परवडतो, हे आपण मोकळेपणाने मान्य करू या. लपवलेला निकष हा नेहमी ज्याच्याजवळ आधीच काही आहे त्याला फायद्याचा असतो. मी परीक्षा मंडळात असते तर सरळ छापलं असतं, "बहुतेक चांगली उत्तरं ३५० ते ४५० शब्दांत बसतात, ५०० नंतरचं वाचलं जाणार नाही." वरची मर्यादा घातली की पुरवणीची शर्यत आपोआप थांबते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल जे म्हटलं, की एखाद्या मापावर नियंत्रणासाठी दाब आला की ते माप म्हणून निकामी होतं, ते निबंधाच्या लांबीला तंतोतंत लागू आहे.

दिसण्याचाही एक भाग आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेच निबंध एकदा हाताने लिहिलेले आणि एकदा टाइप केलेले असे परीक्षकांना दिले होते. टाइप केलेल्यांना कमी गुण पडले. शब्द तेच! छापील अक्षरात निबंध आखूड दिसतो आणि चुका डोळ्यात भरतात, अशी एक शक्यता आहे. म्हणजे आमच्या शाळेतल्या त्या सरांची वीत फक्त आमच्याच गावात नव्हती. ए.पी. इंग्लिशची परीक्षा मे २०२५ पासून पूर्णपणे संगणकावर गेली, त्यामुळे आता निदान सगळे एका रांगेत आले. पण टंकलेखनाचा वेग हा नवा निकष लपूनछपून आत आलाच. ज्या मुलाकडे घरी फोन आहे आणि लॅपटॉप नाही, त्याची बोटं तीस मिनिटांत चारशे शब्दांपर्यंत पोचत नाहीत, डोक्यात पाचशे असले तरी.

कुणी म्हणेल, अशा परीक्षाच बंद करा, घड्याळ लावून कुणी विचार करतं का? माझंही मत बरंचसं तेच होतं. मी स्वतः २००२ मध्ये टोफेल दिली तेव्हा तीस मिनिटांचा निबंध होता. संगणकावर टाइप करायचा की कागदावर लिहायचा हे विचारत. मी कागद निवडला, कारण टाइप करायला येत नव्हतं, आणि निम्मा वेळ पहिलं वाक्य खोडण्यात घालवला. त्या अर्ध्या तासाने माझ्याबद्दल काय मोजलं देव जाणे. (आपल्या मंचावर देवाचं नाव घेतल्याबद्दल क्षमस्व.) पण २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि घरून लिहून आणलेल्या निबंधावरचा शिक्षकांचा विश्वास उडाला. माझ्या मुलीच्या शाळेत गेल्या वर्षापासून बहुतेक निबंध वर्गातच, घड्याळ लावून लिहायचे असतात. माझ्या ओळखीचे दोन प्राध्यापक निळ्या मुखपृष्ठाच्या त्या जुन्या वह्यांकडे परत गेलेत. तेव्हा घड्याळ लवकर जाईल असं दिसत नाही.

मुलीची परीक्षा मेमध्ये आहे. ती आता माझ्याशी पूर्वीसारखी बोलते, फक्त लेखनाबद्दल सल्ला देऊ लागले की "पुरावा?" असं विचारते.

शेवटी एक कामाचं. गेल्या महिन्यापासून दर शनिवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तिघीजणी आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात तळघरातल्या खोलीत बसतो. नववी ते बारावीची मुलं येतात. आपल्यातली दोन-तीन, बाकीची बहुतेक ग्वाटेमाला आणि हैतीहून आलेल्या कुटुंबांतली. चाळीस मिनिटं लिहायचं, मग एकमेकांचं वाचायचं, आणि प्रत्येक पुराव्यानंतर "मग काय?" असं विचारायचं, एवढाच अभ्यासक्रम. फी नाही. ग्रंथपालबाईंनी एक भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ दिलंय, ते तीन मिनिटं पुढे आहे. ज्यांना शनिवारचे दोन तास जमतील त्यांनी सभेनंतर मला भेटावं, इंग्रजीचं विशेष ज्ञान लागत नाही. आणि कुणाच्या कपाटात चालू स्थितीतले जुने लॅपटॉप पडून असतील तर मला चार हवे आहेत. कळफलक मात्र धड असावा, मागच्या आठवड्यात मिळालेल्या एकाचं "ई" बटण उमटत नाही.